एनआयआरएफची कॉलेजवाली पीडीएफ: फुकट आहे, कामाची आहे, पण वाचता आली पाहिजे

सरकारी कॉलेज रँकिंगच्या, म्हणजे एनआयआरएफच्या, साइटवर रँक बघायला सगळे जातात, आणि रँकच्या खाली जी पीडीएफ पडलेली असते ती शंभरातला एकही जण उघडत नाही. हा रिव्ह्यू त्या पीडीएफचा आहे. रँकचा नाही, रँकबद्दल मला फार काही बोलायचं नाहीये. पीडीएफला मी पाचपैकी साडेतीन देईन, आणि मुंबईत बीकॉम, बीएससी, बीए, बीएमएस असल्या साध्या पदवीला ॲडमिशन घेणाऱ्या प्रत्येक घराने ती उघडावी असं मला मनापासून वाटतं, कारण तीन वर्षं आणि फी जाणार तुमची, आणि "इथे आलेल्या मुलांपैकी किती मुलं वेळेत पदवी घेऊन बाहेर पडली" हा एकच प्रश्न असा आहे ज्याचं उत्तर कॉलेजच्या फ्लेक्सवर कधीच नसतं.

मी विक्रोळीला कन्नमवार नगरमध्ये मंडळाच्या अभ्यासिकेत ॲडमिशनच्या सीझनला बसते, बारावी झालेल्या मुलांना फॉर्म भरायला मदत करते, त्याआधी बरीच वर्षं एका डिग्री कॉलेजच्या ऑफिसात काम केलंय. त्यामुळे हे आकडे कुठून येतात आणि कसे भरले जातात ते जवळून बघितलंय, म्हणून लिहितेय.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगते. एनआयआरएफ म्हणजे केंद्र सरकारचं रँकिंग, २०१५ मध्ये सुरू केलं आणि पहिली यादी २०१६ च्या एप्रिलमध्ये आली. त्यात भाग घ्यायचा तर कॉलेजला स्वतःची माहिती ठरलेल्या तक्त्यांमध्ये भरावी लागते, आणि ती भरलेली माहिती जशीच्या तशी सगळ्यांना बघायला ठेवतात. यादीत कॉलेजचं नाव शोधा, नावापाशी 'मोर डिटेल्स' असतं आणि पीडीएफचं छोटं चिन्ह असतं, दाबलं की झालं. लॉगिन नाही, ओटीपी नाही, मोबाइल नंबर मागत नाहीत, आणि नंतर कुठल्या क्लासवाल्याचा फोन येत नाही. फुकटात मिळणाऱ्या गोष्टींमध्ये हे फार दुर्मिळ झालंय हो. जी कॉलेजं भाग घेतात पण वरच्या यादीत येत नाहीत त्यांनीही ही पीडीएफ स्वतःच्या साइटवर ठेवलेली असते, बहुतेक वेळा 'एनआयआरएफ' नावाच्या टॅबमध्ये नाहीतर 'आयक्यूएसी'च्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) मेनूत आत कुठेतरी, थोडं खणावं लागतं.

पीडीएफ उघडली की पहिला तक्ता मंजूर जागांचा, म्हणजे सँक्शन्ड इनटेक. दुसरा, सध्या एकूण किती मुलं शिकतायत, त्यात मुलगे किती मुली किती, राज्यातले किती बाहेरचे किती, आर्थिकदृष्ट्या मागास किती, एससी एसटी ओबीसी मिळून किती, आणि किती जणांना फीची भरपाई सरकारकडून, संस्थेकडून किंवा कुठल्या खासगी ट्रस्टकडून मिळते ते. हा दुसरा तक्ता घाईत ओलांडू नका. ज्या घरात फीचा प्रश्न आहे त्यांनी भरपाईचे रकाने आधी बघावेत, तिथे सगळीकडे शून्य शून्य दिसलं तर ऑफिसात स्कॉलरशिपचं काम बघणारं कोण आहे हे ॲडमिशनच्या आधीच विचारा, कारण महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचा) फॉर्म कॉलेजकडून पुढे सरकला नाही तर तो मुलाच्या हातात राहत नाही.

पण खरा माल तिसऱ्या तक्त्यात आहे, प्लेसमेंट आणि हायर स्टडीज असं त्याचं नाव. नाव प्लेसमेंटचं असल्याने लोक सरळ पगाराच्या रकान्यात घुसतात. तसं करू नका, डावीकडून वाचा. पहिल्यांदा ॲडमिशनचं वर्ष, मग त्या वर्षी पहिल्या वर्षाच्या जागा किती, मग प्रत्यक्षात किती मुलं आली, मग पदवीचं वर्ष, आणि त्यापुढे 'किमान ठरलेल्या वेळात पदवी घेतलेली मुलं' किती. हे सगळं एकाच ओळीत, एकाच बॅचचं. म्हणजे २०२० ला आत आलेली मुलं आणि त्यातली २०२३ ला बाहेर पडलेली मुलं एका ओळीत शेजारी शेजारी उभी आहेत. ही साधी गोष्ट वाटेल, पण आपल्याकडे उच्च शिक्षणाच्या जेवढ्या आकडेवाऱ्या सहज सापडतात त्यात आत येणारे आणि बाहेर जाणारे असे एका ओळीत बांधलेले मला दुसरीकडे दिसलेले नाहीत.

आता भागाकार. समजा एका कॉलेजात १२० जागा, ११८ मुलांनी ॲडमिशन घेतली, आणि तीन वर्षांनी ७१ मुलं वेळेत पास होऊन बाहेर पडली. ७१ भागिले ११८, साठ टक्के. म्हणजे एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) वर्गात बसलेल्या दर पाचातली दोन मुलं तीन वर्षांत पदवीपर्यंत पोचली नाहीत. आता हेच कॉलेज प्रॉस्पेक्टसमध्ये काय छापू शकतं बघा. टीवायच्या (तिसऱ्या वर्षाच्या) परीक्षेला समजा ८० मुलं बसली, ७१ पास झाली, रिझल्ट जवळजवळ ८९ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, कोणीही खोटं बोललेलं नाही, फक्त खालची संख्या बदलली. एकात खाली ॲडमिशन घेतलेली मुलं आहेत, दुसऱ्यात खाली शेवटच्या परीक्षेपर्यंत टिकलेली मुलं. मधल्या दोन वर्षांत गळालेली ३८ मुलं दुसऱ्या हिशोबात कुठेच नाहीत, त्यांचं नावसुद्धा नाही.

आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजं तपासून ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या, कागदांत हा दुसऱ्या प्रकारचा आकडा असतो. नॅकच्या अहवालात दुसऱ्या क्रायटेरियनमध्ये पास पर्सेंटेज विचारतात, ते शेवटच्या वर्षाला बसलेल्यांपैकी पास झालेल्यांचं. म्हणून नॅकचा ग्रेड चांगला म्हणजे सगळी मुलं पार पडतात असं कृपया धरू नका, त्या ग्रेडचा तो अर्थच नाही. मला नॅकबद्दल राग नाही, लायब्ररी, शिक्षक, लॅब याचं बरंच काही त्यात कळतं आणि दरवर्षीचा एक्यूएआर (कॉलेजचा वार्षिक गुणवत्ता अहवाल) वाचण्यासारखा असतो, पण गळतीसाठी तो चुकीच्या खिडकीतला कागद आहे, त्यासाठी ही पीडीएफच.

एक बारीक गोष्ट, जी फार कमी लोकांना माहीत असते. एनआयआरएफ स्वतः गुण देताना वेळेत पास झालेल्यांची टक्केवारी ॲडमिशन घेतलेल्यांवर काढत नाही, मंजूर जागांवर काढतं, आणि तीन वर्षांची सरासरी घेतं. त्यांच्या पद्धतीत ८० टक्के हा बेंचमार्क आहे, म्हणजे मंजूर जागांच्या ८० टक्के मुलं वेळेत पास झाली की तिथे पूर्ण गुण. यामुळे काय होतं, ज्या कॉलेजच्या जागाच भरत नाहीत त्यांचा आकडा आपोआप खाली येतो, तिथली शिकलेली मुलं कितीही चांगली पास होवोत. रँकिंग करणाऱ्याला ते ठीक असेल, पण तुम्ही पालक आहात, तुम्हाला रिकाम्या बाकांशी काय करायचंय? तुम्ही ॲडमिशन घेतलेल्या मुलांवरच भागाकार करा. इंजिनीअरिंगचं कॉलेज असेल तर डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली मुलं वेगळ्या रकान्यात असतात, लॅटरल एंट्री म्हणून, ती खालच्या संख्येत मिळवायला विसरू नका, नाहीतर काही कॉलेजांचं उत्तर शंभराच्या वर येतं आणि माणूस गोंधळून जातो.

हे झालं चांगलं. आता दीड स्टार का कापला ते.

पहिलं म्हणजे सगळ्या कोर्सची खिचडी. पीडीएफमध्ये 'यूजी तीन वर्षं', 'यूजी चार वर्षं', 'पीजी दोन वर्षं' अशा ओळी असतात, बस. म्हणजे बीकॉम, बीए, बीएससी, बीएमएस, बीएएफ (अकाउंटिंग आणि फायनान्सची पदवी), बीएससी आयटी सगळं एका 'तीन वर्षं'मध्ये. मुंबईतल्या मोठ्या कॉलेजात सकाळी एडेडची, म्हणजे सरकारी अनुदानाची, बीकॉम भरते आणि दुपारी त्याच वर्गांत सेल्फ फायनान्सचे, म्हणजे मुलांच्या फीवर चालणारे, कोर्स, फी वेगळी, कट ऑफ वेगळा, शिक्षक बऱ्याचदा वेगळे, आणि आकडा मात्र एकच. तुमच्या मुलीला बीए सायकॉलॉजीला जायचं असेल तर त्या आकड्यातलं बीए किती आणि बीएएफ किती हे तुम्हाला कधीच कळणार नाही. हा माझ्या दृष्टीने या पीडीएफचा सगळ्यात मोठा दोष आहे आणि तो दुरुस्त करणं अवघड नाही, कारण कॉलेजकडे माहिती कोर्सनुसारच असते, ऑफिसात बसून बेरीज करून ती एका रकान्यात कोंबावी लागते.

दुसरं, पगार. मीडियन पगाराचा आकडा अंकातही असतो आणि शेजारी अक्षरातही असतो, त्यामुळे एकदम भारदस्त वाटतो. पण तो फक्त प्लेसमेंट झालेल्या मुलांचा आहे. चारशे मुलं पास झाली आणि चाळीस जणांना नोकरी लागली तर तो त्या चाळीसांच्या मधल्या माणसाचा पगार. आधी शेजारचा रकाना बघा किती जण लागले, किती जण पुढे शिकायला गेले, मग पगार वाचा. आणि मुंबईत कॉमर्सची कितीतरी मुलं कॅम्पसला बसतच नाहीत, कोणी सीएच्या आर्टिकलशिपला असतं, कोणी वडिलांच्या दुकानात, कोणी बँकेच्या परीक्षा देत असतं, त्यामुळे कमी प्लेसमेंट बघून लगेच फुली मारू नका.

तिसरं, ही माहिती कॉलेज स्वतः भरतं. माझा अनुभव असा की बहुतेक ठिकाणी भरणारी माणसं प्रामाणिकपणेच भरतात, पण ॲडमिशन कॅन्सल केलेलं मूल 'आलं' म्हणून धरायचं की नाही, मध्येच दुसऱ्या कॉलेजात ट्रान्सफर घेतलेलं कुठे टाकायचं, यावर प्रत्येक ऑफिसची आपली आपली समजूत असते. म्हणून दोन कॉलेजांत चार-पाच टक्क्यांचा फरक असेल तर मी तो फरक मानतच नाही. वीस टक्क्यांचा असेल तर मानते.

आणि वर्षांकडे लक्ष द्या. पीडीएफवर २०२४ लिहिलंय म्हणजे २०२४ ला पास झालेली मुलं नव्हेत. २०२४ च्या पीडीएफमध्ये तीन वर्षांच्या कोर्सची शेवटची ओळ २०२२-२३ ला बाहेर पडलेल्या बॅचची आहे, आणि पहिली ओळ २०२०-२१ ची, म्हणजे ज्यांचं अख्खं शेवटचं वर्ष कोविडमध्ये घरी बसून ऑनलाइन गेलं ती मुलं. त्या वर्षाची टक्केवारी बाकीच्या दोन वर्षांशी ताडून बघा, बऱ्याच ठिकाणी ती वेगळीच दिसते. तीन ओळींची सरासरी काढण्यापेक्षा मी शेवटची ओळ जास्त धरते.

आता थोडं थांबून बोलते, कारण हा साठ टक्क्यांचा आकडा ऐकला की आईवडील घाबरतात आणि थेट म्हणतात मग हे कॉलेज नको. असं नसतं हो. ऑफिसच्या खिडकीच्या आत बसून मी जी मुलं जाताना बघितली ती एका कारणाने जात नाहीत. एफवायबीएससीला ॲडमिशन घेतलेली कितीतरी मुलं ऑगस्ट सप्टेंबरपर्यंत इंजिनीअरिंग, फार्मसी, नाहीतर मेडिकलच्या कॅप राउंडमध्ये (केंद्रीय प्रवेश फेरीत) नंबर लागला की निघून जातात, त्यांनी बीएससी फक्त सीट हातात असावी म्हणून घेतलेली असते. त्यात त्या कॉलेजचा काय दोष? सायन्सवाल्या कॉलेजचा आकडा यामुळे कमी दिसतो आणि कॉमर्सवाल्याचा तेवढा नाही. मग केटी, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेला विषय. एनआयआरएफ 'किमान वेळ' म्हणतं म्हणजे सहाव्या सेमिस्टरला जो सगळं सोडवून बाहेर पडला तोच मोजला जातो. एका विषयाची केटी राहिली, सहा महिन्यांनी सुटली, पदवी मिळाली, नोकरी लागली, तरी तो मुलगा या तक्त्यात 'वेळेत' नाही म्हणजे नाही. केटी लागलेली मुलं वाया गेलेली नसतात, आणि त्यांच्या आईवडिलांनीही हा तक्ता बघून तसं समजू नये.

आणि मग ती मुलं आहेत ज्यांच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. सकाळचं कॉलेज करून दुपारी मॉलमध्ये, रात्री डिलिव्हरीवर, आणि दुसऱ्या वर्षाला अटेंडन्स कमी पडला म्हणून टर्म गेली. ज्यांच्या घरी कोणी आजारी पडलं आणि फीचा दुसरा हप्ता भरताच आला नाही. एसवायला लग्न ठरलेल्या मुली, ज्यांची घरची माणसं "पुढे एक्सटर्नल करेल" म्हणतात आणि ते होत नाही. मुंबईत कामगारांसाठी नाइट कॉलेजं आहेत, दिवसभर ड्युटी करून तिथे येणारा माणूस तीन वर्षांची पदवी पाच वर्षांत घेतो आणि ती पाच वर्षं कुठल्याही फर्स्ट क्लासपेक्षा मोठी असतात असं मी मानते. अशा कॉलेजची टक्केवारी कमीच येणार. म्हणून आकडा कमी दिसला की पहिला प्रश्न 'हे कॉलेज वाईट का' असा न विचारता 'इथे कोण शिकायला येतं' असा विचारा, आणि त्याचं उत्तर त्याच पीडीएफच्या दुसऱ्या तक्त्यात आहे, मागास किती, फी भरपाई किती. दोन कॉलेजांत साधारण सारखीच मुलं येतात आणि एक साठ टक्के पार पाडतंय, दुसरं ऐंशी, तर मग मात्र दुसऱ्या कॉलेजात कोणीतरी मुलांच्या मागे लागून काम करतंय, मेंटॉरिंग असेल, रिमेडियल लेक्चर असतील, अटेंडन्स घसरला की घरी फोन जात असेल. तिथे ॲडमिशन घ्या, रँक काहीही असो.

तसंही मुंबईतल्या मुलांसाठी रँकच्या यादीचा उपयोग मर्यादित आहे. कॉलेजांच्या यादीत वरच्या शंभरात दिल्ली आणि तामिळनाडूचीच भरती जास्त. २०१७ ते २०२३ सलग दिल्लीचं मिरांडा हाऊस पहिलं, २०२४ ला हिंदू कॉलेज. आपल्या मुलीला विक्रोळीहून मुलुंडला जायचं की दादरला हे ठरवायला त्याचा काय उपयोग. आणि आपल्याकडची कितीतरी कॉलेजं भागच घेत नाहीत, म्हणजे त्यांची पीडीएफच नाही. अर्धा स्टार मी या कारणासाठी कापलाय, ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्या मुलांच्या यादीतली कॉलेजं नेमकी त्यात नसतात.

आता लोक विचारतात, कॉलेज जाऊ दे, अख्ख्या मुंबई विद्यापीठाचा आकडा काय? एनआयआरएफमध्ये विद्यापीठाची पीडीएफ आहे की! आहे, पण ती विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांची आणि कॅम्पसची, कलिना, फोर्ट वगैरे. संलग्न कॉलेजांची मुलं त्यात नाहीत, ती आपापल्या कॉलेजच्या नावावर. मुंबई, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग एवढ्या पट्ट्यातली आठशेच्या वर कॉलेजं या विद्यापीठाला जोडलेली, लाखो मुलं, आणि सर्टिफिकेटवर नाव विद्यापीठाचं. पण 'त्या लाखो मुलांपैकी किती वेळेत पदवीधर झाली' असा एका बॅचचा आकडा या पीडीएफमधून निघत नाही. दीक्षान्त समारंभाच्या वेळी बातमी येते की दीड लाखाच्या वर पदव्या दिल्या, छान वाटतं ऐकायला, पण ती त्या वर्षी दिलेल्या सगळ्या पदव्यांची बेरीज आहे, त्यात यंदाचे आले, केटी सोडवून आलेले आले, एमए एमकॉम आले, पीएचडी आले. ती संख्या कशाने भागायची तेच माहीत नाही तर टक्केवारी कुठून काढणार. विद्यापीठाला २०२१ ला नॅकचा ए प्लस प्लस मिळाला, ३.६५ सीजीपीए, त्याचा मलाही आनंद झाला, मी याच विद्यापीठाची पदवीधर आहे. १८५७ च्या जुलैमध्ये सुरू झालेलं विद्यापीठ, १८६२ ला पहिले चार बीए बाहेर पडले, रानडे, भांडारकर, मोडक, वागळे, त्या चौघांची नावं आजही घेतली जातात. आज प्रत्येक मुलाला पीआरएन (कायमचा नोंदणी नंबर) आहे, परीक्षा फॉर्म ऑनलाइन, निकाल ऑनलाइन, म्हणजे कुठलं मूल कुठल्या सेमिस्टरला थांबलं हे नंबरावरून काढता येण्यासारखं आहे. दरवर्षी कॉलेजनुसार, कोर्सनुसार एक तक्ता जाहीर केला तर या रिव्ह्यूची गरजच राहणार नाही.

आयशेचंही थोडक्यात सांगते, कारण पेपरात आकडे तिथलेच येतात. तो उच्च शिक्षणाचा देशभराचा सरकारी सर्व्हे आहे, २०१०-११ पासून होतो. २०२१-२२ चा रिपोर्ट २०२४ च्या जानेवारीत आला, देशात उच्च शिक्षणात ४.३३ कोटी मुलं, त्यात मुली २.०७ कोटी, जीईआर, म्हणजे १८ ते २३ वयाच्या लोकसंख्येच्या तुलनेत उच्च शिक्षणातल्या मुलांचं प्रमाण, २८.४ टक्के. मोठं चित्र समजायला उत्तम, मुली किती पुढे आल्यात, कुठल्या शाखेत किती मुलं, हे त्यात नीट मिळतं. देशात पदवीच्या मुलांमध्ये आर्ट्सची ३४ टक्के आणि कॉमर्सची १३ टक्के, मुंबईत राहून हे वाचलं की आश्चर्य वाटतं कारण इथे जिकडेतिकडे कॉमर्स. पण त्यात वर्षाला पास झालेल्यांचा जो आकडा असतो तो घेऊन एकूण मुलांनी भागू नका, काही लोक तसं करतात आणि 'देशात इतकेच टक्के पदवीधर होतात' म्हणून फॉरवर्ड करतात. एकूण मुलांमध्ये पहिल्या वर्षाची, दुसऱ्या वर्षाची, एमएची, पीएचडीची सगळी आली, ती या वर्षी पास होणारच नव्हती. ॲडमिशनसाठी म्हणून आयशेला मी दोन स्टार देते, त्याचं ते कामच नाही.

अमेरिकेत कॉलेजांना हा आकडा कायद्याने जाहीर करावा लागतो, १९९० चा 'स्टुडंट राइट टू नो' म्हणून कायदा आहे. तिथे चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षांपर्यंतची मुदत धरतात, म्हणजे जो रखडत रखडत पोचला तोही मोजला जातो, आणि तरीही २०१४ ला पहिल्यांदा फुलटाइम ॲडमिशन घेतलेल्या बॅचचा आकडा ६४ टक्केच होता. मला त्यांची ही दीडपट मुदतीची पद्धत आवडते. आपल्याकडे तीन वर्षांचा आणि साडेचार वर्षांचा असे दोन आकडे शेजारी शेजारी दिले तर केटीवाल्या, नोकरी करणाऱ्या मुलांना न्याय मिळेल आणि कॉलेजला पण.

पुढे हे सगळं अजून गुंतागुंतीचं होणार आहे, कारण नवीन धोरणात एक वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन, दोन वर्षांनी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स, आणि क्रेडिट बँकेत क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचे गुणांक) जमा ठेवून नंतर परत येता येतं. संलग्न कॉलेजांत हे २०२४-२५ पासून आलं, म्हणजे पहिली तीन वर्षांची बॅच २०२७ ला बाहेर पडणार. दोन वर्षांनी डिप्लोमा घेऊन गेलेल्या मुलीला गळलेली धरायची की पास झालेली? मला वाटतं तिच्यासाठी वेगळा रकाना हवा. सोय चांगली आहे, पण 'मुलं सोडून गेली' हे 'मुलांनी एक्झिट घेतली' म्हणून लपायला नको.

तर पीडीएफ साडेतीन स्टार, ज्यांच्या कॉलेजची असेल त्यांनी आज रात्रीच उघडा, मोबाइलवर उघडते, तक्ता आडवा करून वाचा.

ज्यांच्या कॉलेजची नसेल त्यांनी ऑफिसच्या खिडकीवर दोनच आकडे विचारा, तीन वर्षांपूर्वी या कोर्सच्या एफवायला किती मुलांनी ॲडमिशन घेतली, आणि त्यातली यंदा टीवाय किती क्लिअर झाली. रिझल्टची टक्केवारी सांगायला लागले तर नम्रपणे म्हणा टक्केवारी नको, मुलं सांगा. काही ठिकाणी चांगली माणसं असतात, रजिस्टर काढून सांगतात. काही ठिकाणी "असं सांगता येत नाही" म्हणतात, तर सरकारी किंवा एडेड कॉलेज असेल तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो, दहा रुपये फी, उत्तर द्यायची मुदत तीस दिवस, आणि कॉलेज पूर्ण अनएडेड असेल तर त्या कॉलेजच्या निकालांची माहिती विद्यापीठाकडे मागा, विद्यापीठ सार्वजनिक आहे. फक्त हे ॲडमिशनच्या गर्दीत करू नका, मेरिट लिस्ट लागेपर्यंत उत्तर हातात येणार नाही. मूल बारावीला असतानाच, जानेवारीत, प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आधी अर्ज टाका, दोन-तीन कॉलेजांना एकदमच, आणि अर्जात कोर्सचं पूर्ण नाव आणि एडेड की सेल्फ फायनान्स ते स्पष्ट लिहा, नाहीतर परत तीच सगळी बेरीज करून पाठवतील.